यंत्राची वही
हंगामी कारखान्यांच्या जिल्ह्यात देखभालीचा नवा विचार

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातील जिनिंग कारखान्यांच्या आवारात लगबग सुरू होते. पावसाळाभर बंद असलेल्या शेड झाडून निघतात, मोटारींवरची आच्छादने दूर होतात, पट्ट्यांचा ताण पाहिला जातो आणि खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहून नारळ फुटतो. पुढे काटापूजन होते, कापसाची पहिली गाडी आत येते आणि मग काही महिने यंत्रांना उसंत म्हणून नसते. माजलगाव, गेवराई, वडवणी, धारूर, परळी या भागांतून आलेल्या कापसातून या काळात सरकी आणि रुई वेगळी होते आणि रुईच्या सुमारे १७० किलोंच्या गाठी बांधल्या जातात. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय जिनिंगचा, तेलघाण्याचा किंवा डाळ मिलचा आहे. त्यांना हे चित्र नवे नाही.

याच चित्रात एक परिचित व्यक्ती असते, ती म्हणजे जुना मिस्त्री. चालू यंत्राजवळ जाऊन तो लांब पान्याचे किंवा स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि दुसरे टोक कानाशी लावतो. क्षणभर डोळे मिटून ऐकतो. मग म्हणतो, “शेठजी, हे बेअरिंग आठ दिवसांत बोंब मारणार.” पुष्कळदा ते खरे ठरते. रेल्वे स्थानकावर थांबलेल्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जाणारा कर्मचारीही हेच करीत असतो. धड चाकाचा नाद आणि तडा गेलेल्या चाकाचा नाद वेगळा असतो, हे त्याच्या कानाला ठाऊक असते.

आज उद्योगजगतात ज्याची मोठी चर्चा आहे ते सेन्सर, म्हणजे संवेदक, या मिस्त्रीच्याच कानाचे आणि हाताचे वंशज आहेत. फरक इतकाच की मिस्त्री दिवसातून एकदा ऐकतो आणि सेन्सर अखंड ऐकतो. मिस्त्रीचे ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त होते, तर सेन्सरची नोंद मागे राहते. हे साधन आपल्या जिल्ह्यातील मध्यम आणि लहान कारखान्यांना काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

देखभालीच्या तीन रीती

यंत्राची निगा राखण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, बंद पडल्यावर दुरुस्त करणे. ही सर्वांत सोपी वाटते आणि बहुधा सर्वांत महाग पडते. बिघाड यंत्राच्या सवडीने होतो, आपल्या सवडीने नव्हे. आवारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात, रात्रीची वेळ असते, सुटा भाग छत्रपती संभाजीनगरहून किंवा पुण्याहून यायचा असतो, आणि तुटलेले बेअरिंग जाता जाता शाफ्टही खराब करून गेलेले असते.

दुसरी रीत पंचांगाची. दर वर्षी हंगाम संपला की सर्व यंत्रे खोलायची, बेअरिंगे बदलायची, पुन्हा जोडायची. ही रीत शिस्तीची आहे आणि अनेक कारखान्यांनी ती निष्ठेने पाळली आहे. मात्र तिच्यामागे एक गृहीतक आहे. वय वाढले की बिघाड वाढतो, म्हणून वेळेआधी भाग बदलला की बिघाड टळतो, असे ते गृहीतक. ते नेहमी खरे नसते.

तिसरी रीत प्रकृती पाहून उपचार करण्याची. यंत्राचे कंपन, तापमान, आवाज, तेलातील धातूचे कण, मोटारीने ओढलेला विद्युतप्रवाह यांच्यावर लक्ष ठेवायचे आणि लक्षणे दिसू लागली की योग्य वेळ पाहून तेवढाच भाग हाताळायचा. निरोगी यंत्राला उगीच हात लावायचा नाही आणि आजारी यंत्राकडे काणाडोळाही करायचा नाही.

पंचांग कुठे चुकते?

पंचांगाच्या रीतीतील उणीव प्रथम ध्यानात आली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि ती दाखवून दिली एका जीवशास्त्रज्ञाने. सी. एच. वॉडिंग्टन हे ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडसाठी काम करीत होते. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या विमानांची उड्डाणाच्या दर ५० तासांनी ठरावीक तपासणी होत असे. नोंदी मांडून पाहता असे आढळले की अनपेक्षित दुरुस्त्यांचे प्रमाण तपासणीच्या लगेच नंतर सर्वाधिक असते आणि पुढे ते हळूहळू उतरत जाते. तपासणीने विमान सुधारण्याऐवजी काही अंशी बिघडतच होते. वॉडिंग्टन यांचे यावरील पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी विमानांच्या भागांविषयीचा आपला अहवाल सादर केला. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी केवळ ११ टक्के भागांत वयोमानानुसार झिजेचा स्पष्ट कल दिसला. उरलेल्या ८९ टक्के भागांत तसा संबंध आढळला नाही. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका नवा भाग बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात सर्वाधिक होता.

आपल्या फिटरांना हे वेगळ्या शब्दांत माहीत असते. बंद असलेले बेअरिंग उघडले की धूळ आत जाते. नवे बसवताना हातोडीचा घाव चुकीच्या कड्यावर पडतो. मोटार आणि यंत्र यांचे शाफ्ट एका रेषेत येत नाहीत. ग्रीस कमी पडते, किंवा ‘जास्त म्हणजे चांगले’ या समजुतीने इतके भरले जाते की बेअरिंग त्यामुळेच तापते. आपण काळजी म्हणून केलेली कृती अशा रीतीने बिघाडाचे बीज पेरून जाते.

याचा अर्थ पंचांग फेकून द्यावे असा नाही. जिनच्या रोलरवरील चामडे, पट्टे, ऊस फोडणाऱ्या यंत्राचे हातोडे हे वापराने निश्चित झिजतात. त्यांची वेळ ठरवून बदली करणेच शहाणपणाचे आहे. पण जे वेळेवर झिजत नाही, त्याला घड्याळ लावून उपयोग नाही. त्याला विचारावे लागते.

सेन्सर काय ऐकतो?

काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे जॅक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. कंपन मोजणारे अनेक सेन्सर याच तत्त्वावर चालतात. यंत्र थरथरले की स्फटिकावर दाब पडतो आणि थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर होते. मोटारगाडीतील एअरबॅगसाठी सूक्ष्म सिलिकॉनचे सेन्सर मोठ्या प्रमाणावर बनू लागले. पुढे तसेच सेन्सर मोबाइलमध्ये आले आणि किमती इतक्या उतरल्या की जे साधन एके काळी फक्त मोठ्या वीजकेंद्रांना परवडत होते, ते लहान कारखान्याच्या आवाक्यात आले.

हा संकेत नुसता ‘कंपन वाढले’ एवढेच सांगत नाही, तर कुठे आणि का हेही सुचवतो. उदाहरणार्थ, मिनिटाला १,४५० फेरे घेणारी मोटार सेकंदाला सुमारे २४ फेरे घेते. तिच्या बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या आहेत असे समजू. बाहेरच्या कड्यावर बारीकशी खाच पडली तर तिच्यावरून गोळ्या जाताना सेकंदाला सुमारे ८७ ठोके पडतात. खाच आतल्या कड्यावर असेल तर सुमारे १३०. मोटारीचा तोल गेला असेल तर कंपन सेकंदाला २४ च्याच तालात येते. शाफ्ट एका रेषेत नसतील तर त्याच्या दुपटीचा ताल अनेकदा ठळक होतो. प्रत्येक आजाराचा ताल निराळा, आणि वैद्याने नाडीवरून ओळखावे तसे कुशल तंत्रज्ञ आलेखावरून ते ओळखतो.

किती कंपन चालेल यासाठी आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत. १५ ते ७५ किलोवॉट क्षमतेच्या मोटारींसारख्या मध्यम यंत्रांसाठी बेअरिंगच्या घरावरील कंपनाचा वेग सेकंदाला २.८ मिलिमीटरपर्यंत असेल तर दीर्घकाळ चालवण्यास हरकत मानली जात नाही. तो ७.१ च्या पुढे गेला तर यंत्राला हानी होण्याचा धोका समजावा. परंतु या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा असतो कल. गेल्या महिन्यात १.२ होते, मागच्या आठवड्यात १.८ आणि आज २.५ असेल, तर मर्यादेच्या आत असूनही ते यंत्र काहीतरी सांगत आहे. बिघाडाची चाहूल सहसा आधी कंपनात उमटते, मग तापमानात, मग कानाला ऐकू येणाऱ्या आवाजात आणि शेवटी धुरात. धुरापर्यंत थांबणाऱ्याच्या हाती फार थोडा वेळ उरतो. कापसाच्या कारखान्यात तर तेवढाही उरत नाही. तापलेल्या बेअरिंगजवळ धुमसू लागलेला पुंजका हवेच्या नळीतून पुढे जाऊन गाठीत बांधला गेला, तर ती गाठ आतल्या आत दीर्घकाळ धुमसत राहू शकते.

थांबलेली यंत्रेही झिजतात

आपल्या जिल्ह्याची एक विशेष अडचण पुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही. येथील बहुतेक यंत्रे वर्षातील निम्मा काळ थांबलेली असतात. जिनिंग हंगामी, साखर हंगामी, आणि पाऊस फिरला तर हंगामही आखूड. परळी वैजनाथचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या संचाने सुरू झाले आणि आज तेथे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणीच न उरल्याने हे केंद्र पूर्ण बंद ठेवावे लागले होते.

थांबलेले यंत्र विश्रांती घेत आहे असे आपल्याला वाटते. वास्तवात महिनोन्‌महिने एकाच जागी टेकलेल्या बेअरिंगच्या गोळ्या आसपासच्या थरथरीने कड्यावर बारीक खळगे पाडतात. पावसाळ्यातील दमट हवा मोटारीच्या गुंडाळीत शिरून तिचे विद्युतरोधन दुबळे करते. ग्रीसमधील तेल निथळून जाते. मग हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, नव्या कापसाची आवक जोरात असताना, मोटार जळते आणि आपण नशिबाला बोल लावतो. म्हणून येथे ‘इतके तास चालले, आता बदला’ हा हिशेब अपुरा ठरतो. बंद काळात आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवणे, आणि सुरू करण्यापूर्वी मेगरने मोटारीचे विद्युतरोधन मोजणे, या दोन साध्या सवयी कित्येक मोटारी वाचवू शकतात.

गव्हाणीपुढची रांग

साखर कारखान्यातील बिघाडाचे मोल कोण चुकवतो, हे बीडइतके दुसऱ्या जिल्ह्याला क्वचितच ठाऊक असेल. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन घटते आणि आतील साखरही उतरते. यंत्र थांबले की गव्हाणीपुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लांबते. तोड थांबवण्याचा निरोप जातो, आणि टनावर मजुरी मिळणाऱ्या तोडकरी जोडप्याचा तो दिवस कोरडा जातो. उचल मात्र फेडायचीच असते. दर वर्षी बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाटोद्याच्या किंवा शिरूरच्या एखाद्या घराची मजुरी अशा रीतीने शेकडो किलोमीटर दूरच्या कारखान्यातील एका बेअरिंगवर अवलंबून असते.

येथे सेन्सरची निवडही विचारपूर्वक करावी लागते. ऊस फोडणारा फायब्रायझर वेगाने फिरतो. त्याचे हातोडे असमान झिजले की तोल जातो आणि कंपन लगेच वाढते, तेव्हा तेथे कंपनाचा सेन्सर उत्तम. परंतु रस काढणाऱ्या गिरणीचे अवजड रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. इतक्या संथ गतीत कंपन फारसे बोलत नाही. तेथे बेअरिंगचे तापमान आणि गिअरबॉक्सच्या तेलातील धातूचे कण अधिक खरे बोलतात. सर्व यंत्रांना एकच सेन्सर लावून देणाऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

ऐकले, पण थांबले नाही

वीजकेंद्रातील मोठी टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते. तिचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याच्याशी स्पर्श न करता त्याचे हलणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजणारे सेन्सर अशा संचांवर असतातच, आणि मर्यादा ओलांडली तर संच आपोआप बंद होण्याची सोय असते. पण सोय असणे आणि ती मानणे यांत अंतर आहे. रशियातील सायबेरियात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया हे प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. १७ ऑगस्ट २००९ रोजी तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण उडाले, पाण्याचा लोंढा आत घुसला आणि ७५ माणसे मृत्युमुखी पडली. तिचे कंपन मर्यादेच्या कितीतरी पुढे गेल्याची नोंद अपघातापूर्वीच झालेली होती. झाकण धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी बहुतेकांत ताणाने पडलेल्या जुन्या भेगा तपासात आढळल्या. सेन्सर बोलला होता. यंत्र थांबवण्याचा निर्णय कोणी घेतला नाही.

सेन्सर विकत घेता येतो, त्याचे ऐकण्याचे धैर्य विकत मिळत नाही. आवार कापसाने भरलेले असताना, बाजारभाव चढा असताना, “आज दोन तास बंद ठेवा” हे मिस्त्रीचे वाक्य मालकाला गोड लागत नाही. परंतु आज स्वतःहून थांबवलेले दोन तास आणि उद्या नाइलाजाने थांबलेले चार दिवस, यांतील निवड त्याच क्षणी करायची असते. रात्रपाळीतील कामगाराला मालकाला न विचारता यंत्र थांबवण्याचा अधिकार आहे का, आणि थांबवल्यावर तो बोलणी खातो की शाबासकी, यावर त्या कारखान्यातील प्रत्येक सेन्सरचे मोल ठरते.

यात माणसाच्या जीविताचाही प्रश्न आहे. आजही कित्येक ठिकाणी चालत्या बेअरिंगवर हात ठेवून ते तापले का हे पाहिले जाते, चालत्या यंत्रात ग्रीस भरले जाते. जिनमध्ये कापूस टाकणाऱ्या भगिनींचा पदर आणि पट्टा यांत हातभराचेच अंतर असते. जेथे मोजमाप दुरून होते, तेथे हात यंत्राजवळ नेण्याचा प्रसंगच कमी येतो. मात्र त्यामुळे पट्ट्यावरील जाळीचे संरक्षण काढून ठेवण्याची सवलत मिळत नाही.

आरंभ कोठून करावा?

लहान कारखानदाराने पहिल्याच दिवशी मोठी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. ज्या यंत्राच्या थांबण्याने सारा कारखाना थांबतो आणि ज्याला पर्यायी जोड नाही, अशी तीन-चार यंत्रे प्रथम निवडावीत. करोनाकाळात दारोदारी कपाळाजवळ धरला जाणारा तापमापक सर्वांनी पाहिला आहे. त्याच जातीचे, यंत्रांसाठी असलेले साधन घ्यावे. चकचकीत धातूवर ते तापमान कमी दाखवते, म्हणून मोजण्याच्या जागी काळा रंग लावावा किंवा काळी चिकटपट्टी चिकटवावी आणि दर वेळी तेथेच मोजावे. सोबत हवेचे तापमानही लिहावे. डिसेंबरच्या पहाटे ५५ अंश दाखवणारे बेअरिंग आणि एप्रिलच्या दुपारी ५५ अंश दाखवणारे बेअरिंग यांची प्रकृती सारखी नसते. पहाटेचे अधिक आजारी असते.

त्यानंतर हातात धरण्याचे कंपनमापक, आणि अनुभव येत जाईल तसे कायम बसवायचे सेन्सर. विजेच्या पॅनलमधील सैल जोडही तापमापकाने तपासावेत. कित्येक आगी यंत्रात नव्हे, तेथे लागतात. जिनिंगच्या तंत्राविषयी मार्गदर्शन हवे असेल तर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे नागपूर येथे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. साखर उद्योगासाठी पुण्याजवळ मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे.

आणि सर्वांत आधी हवी एक वही. यंत्र निरोगी असतानाचे त्याचे कंपन आणि तापमान तिच्या पहिल्या पानावर लिहावे, कारण निरोगीपण कसे असते हे ठाऊक नसेल तर आजार ओळखता येत नाही. मिस्त्रीने ऐकून काय सांगितले, बेअरिंग उघडल्यावर प्रत्यक्षात काय दिसले, हेही त्यात यावे. सेन्सरचा आकडा आणि मिस्त्रीचा अनुभव शेजारी शेजारी लिहिले गेले, तर पुढच्या पिढीतील तरुण फिटरला ते दोन्ही वाचता येतील. ज्या घरांत पै-पैचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला, ज्या घरांत आजही लक्ष्मीपूजनाला वही पूजली जाते, त्या घरांना हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. येत्या खंडेनवमीला हळदकुंकवाच्या तबकाशेजारी अशी एक कोरी वही ठेवावी, आणि नारळ फुटल्यावर यंत्र सुरू करून, मिस्त्रीच्या हातूनच, तिच्यात पहिला आकडा लिहून घ्यावा.